५३६ सालच्या थंडीने आणि प्लेगने रोमन जग संपलं का? गाळ, बिया आणि किडे काय सांगतात

प्रश्न असा आला आहे: इ.स. ५३६ मध्ये ज्वालामुखीच्या धुराळ्याने सूर्य झाकोळला, पाठोपाठ ५४१ मध्ये प्लेग आला आणि या दोन तडाख्यांत रोमन जगातली शेती कोसळून जंगलं परत माजली, असं अनेक ठिकाणी छातीठोकपणे सांगितलं जातं. परागकण, बिया, हाडं यांच्या अभ्यासातून हे खरोखर सिद्ध झालंय का?

अशा एका वाक्यात तरी नाही. इ.स. २५० ते ७५० या पाच शतकांत, ज्यांना आपण उत्तर-प्राचीन काळ म्हणतो, भूमध्य समुद्राभोवती आणि युरोपात माणसांचं जमीन वापरणं बदललं हे नक्की. पण ते सगळीकडे एकाच वेळी बदललं नाही, एकाच दिशेनेही नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा ५३६ शी संबंध जोडता येत नाही. माझं काम तळ्यांच्या गाळातले परागकण मोजण्याचं आहे, त्यामुळे त्यावर जास्त रेंगाळेन. शिसं आणि हाडं यांच्याबद्दल थोडक्यात आटपेन.

आधी परागकण वाचायचे कसे ते सांगते, कारण निम्मे गैरसमज तिथेच होतात. तळ्याच्या किंवा दलदलीच्या तळाशी गाळ साचत राहतो आणि आसपासच्या झाडाझुडपांचे परागकण त्यात अडकतात. परागकणाचं बाहेरचं कवच फार चिवट असतं. हवा न लागणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षं टिकतं. आम्ही नळी खुपसून तो गाळ उभाच्या उभा काढतो. त्याला कोअर म्हणतात. ठरावीक अंतरावरून थोडा थोडा नमुना घेतो, आम्लं वापरून चुना, वाळू आणि बाकीचा कचरा घालवतो आणि उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेक कण ओळखत मोजतो. एका नमुन्यात साधारण ३०० ते ५०० कण मोजले की टक्केवारी काढता येते.

आणि पहिला घोळ या टक्केवारीतच आहे. बेरीज शंभर व्हायलाच हवी. त्यामुळे पाइनचे कण वाढले की ऑलिव्हचा टक्का आपोआप खाली येतो, मग ऑलिव्हचं एकही झाड तोडलेलं नसलं तरी. यावर उपाय म्हणून नमुन्यात लायकोपोडियम या वनस्पतीचे ठरावीक संख्येतले बीजाणू मिसळतात. ते किती सापडले यावरून प्रत्येक जातीची खरी संख्या काढता येते. एखाद्या निबंधात नुसती टक्केवारीच असेल आणि लेखक ‘ऑलिव्ह कोसळला’ म्हणत असेल, तर मी ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवते.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणता कण किती लांब उडतो. पाइनच्या कणाला दोन हवेच्या पिशव्या असतात. तो डोंगर ओलांडून येतो. ऑलिव्हही वाऱ्यावर बऱ्यापैकी लांब जातो. गव्हाचं आणि बार्लीचं परागण मात्र बहुधा फूल उघडायच्या आतच उरकतं, म्हणून शेताच्या बांधापलीकडे त्यांचे कण फारसे जात नाहीत. राय हे धान्य उलट वाऱ्यावर भरमसाट पराग सोडतं. म्हणजे गहू सोडून लोकांनी राय लावायला घेतली तर आलेखात ‘शेती वाढली’ असं दिसेल, प्रत्यक्षात शेत तेवढंच असेल. द्राक्षवेलीचे कणही जवळच पडतात. आलेखात द्राक्षवेल एक टक्का दिसली तर मी खुर्चीत सरळ होऊन बसते. पाइन चाळीस टक्के दिसला तर आधी चहा घेते.

तिसरी अडचण खास पश्चिम आशियातली. युरोपात गवताचा ठरावीक मापापेक्षा मोठा परागकण दिसला तर ते धान्य समजायची पद्धत आहे. पण गहू आणि बार्ली मुळात जिथे माणसाळली गेली त्या भागात त्यांचे रानटी भाऊबंद आजही माळावर उगवतात आणि त्यांचे कणही तेवढेच मोठे असतात. तुर्कस्तान, सीरिया, पॅलेस्टाइन इथल्या आलेखात ‘धान्यवर्गीय’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर एकट्यावर काही उभारू नये. अक्रोड, ऑलिव्ह, द्राक्ष, चेस्टनट अशी लावलेली झाडं एकत्र दिसली तर मात्र माणसाचा हात म्हणायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे येऊ. नैर्ऋत्य तुर्कस्तानात बेयशेहिर नावाचं मोठं तळं आहे. त्या परिसरातल्या गाळात नेदरलँड्सच्या परागतज्ज्ञांना एक ठळक टप्पा सापडला: जंगल कमी होतं आणि अक्रोड, ऑलिव्ह, द्राक्ष, चेस्टनट, धान्यं ही मंडळी एकदम पुढे येतात. नंतर हाच टप्पा आसपासच्या कितीतरी तळ्यांत आणि दलदलीत दिसला. त्याला बेयशेहिर वसाहत-टप्पा असं नाव पडलं. तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात सुरू होतो, ग्रीक आणि रोमन काळात बहरतो आणि उत्तर-प्राचीन काळात संपतो. फळझाडं जातात, पाइन परत येतो.

हा टप्पा कधी संपला, हा खरा वादाचा मुद्दा. बहुतेक ठिकाणी तारखा कार्बन-१४ वर, म्हणजे जुन्या सेंद्रिय अवशेषांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवर, काढलेल्या असतात. एखाद्या कोअरमध्ये दोन हजार वर्षांच्या गाळाला दोन-तीनच तारखा असतात आणि मधली वर्षं सरळ रेषा मारून भरलेली असतात. चुनखडीच्या प्रदेशात तर तळ्यातलं पाणी जुना कार्बन विरघळवून घेतं आणि पाणवनस्पती तो खातात, त्यामुळे तारीख शेकडो वर्षांनी जुनी येऊ शकते. शिवाय पाचव्या आणि सहाव्या शतकाच्या काही भागात कार्बन-१४ चा सुधारणा-वक्र (मोजलेल्या कार्बनवरून खरं वर्ष काढायचा आलेख) सपाट होतो, म्हणजे ४४० आणि ५३० मधला फरक करणं अवघड जातं. या सगळ्यातून ‘सहाव्या शतकाच्या आसपास’ असं उत्तर येतं आणि वाचणारा ते मनातल्या मनात ५३६ किंवा ५४१ करून टाकतो. उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये वृक्षवलयांवर, म्हणजे झाडाच्या खोडात दर वर्षी वाढणाऱ्या कड्यांवर, काम केलेले माइक बेली यांनी ही खोड फार पूर्वी दाखवून दिली होती: ढोबळ तारखा एखाद्या प्रसिद्ध सालाकडे ओढल्या जातात. गंमत म्हणजे ५३६ च्या आसपासची वृक्षवलयं अरुंद आहेत याकडे लक्ष वेधण्यातही बेलींचाच मोठा वाटा होता.

म्हणून वर्षागणिक थर मोजता येतील अशी तळी सोन्याच्या मोलाची. मध्य तुर्कस्तानातल्या कॅपॅडोशियातलं नार हे तसं तळं. ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं, लहानसं, खोल, तळाशी प्राणवायू नाही. त्यामुळे तळ ढवळणारे किडे नाहीत आणि दर वर्षी एक पांढरट व एक गडद असा थर जसाच्या तसा बसतो. उन्हाळ्यात पाण्यातून निघणारा चुना पांढरा थर देतो, बाकीच्या महिन्यांतला सेंद्रिय गाळ गडद. नील रॉबर्ट्स, वॉरन ईस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून काढलेल्या कोअरमध्ये सुमारे १,७०० वर्षांचे थर एकेक करून मोजता आले. इथे तारीख कार्बनवर अवलंबून नाही. थर मोजले की वर्ष मिळतं.

नारचा आलेख काय सांगतो? चौथ्या शतकापासून सातव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तळ्याभोवती शेती आणि फळझाडं व्यवस्थित दिसतात. म्हणजे ५३६ येऊन गेलं, ५४१ चा प्लेग आणि त्याच्या पुढच्या लाटाही येऊन गेल्या, तरी परागकणांत शेती चालूच आहे. मग इ.स. ६७० च्या आसपास, थोड्याच वर्षांत, लागवडीच्या खुणा जातात आणि ओक-पाइनचं रान वाढायला लागतं. ही अवस्था जवळजवळ तीन शतकं टिकते. साधारण ९५० नंतर धान्य आणि चराई परत दिसू लागते.

ही वर्षं इतिहासाशी ताडून पाहा. ६३६ मध्ये यार्मुकच्या लढाईत बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचं, सैन्य अरबांकडून हरलं, सीरिया गेला. टॉरस पर्वतरांगेची सरहद्द झाली आणि कॅपॅडोशिया त्या सरहद्दीच्या तोंडावर आला. दर उन्हाळ्यात अरब स्वाऱ्या येऊ लागल्या. दहाव्या शतकात बायझंटाइनांनी सरहद्द पुन्हा पूर्वेला ढकलली तेव्हा शेती परतली. आता हवामानाचं बघा, कारण त्याच थरांतल्या चुन्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून) पाणी किती होतं हेही कळतं. चौथं-पाचवं शतक कोरडं होतं; सहाव्या शतकाच्या मध्यापासून आठव्याच्या मध्यापर्यंत काळ ओलसर होता. याचा अर्थ शेती फुलली कोरड्या काळात आणि मोडली ओल्या काळात. कोरड्या पठारावर पाऊस वाढला म्हणून शेतकरी गाव सोडत नाही. या एका तळ्यापुरतं तरी कारण माणसांतच शोधावं लागतं, आणि मला स्वतःला लढायांचंच कारण पटतं.

तरी एक गाळणी लावते. परागकण गावं जळताना दाखवत नाहीत. फळबाग लावणं म्हणजे पुढच्या वीस वर्षांवर पैसा लावणं. दर वर्षी स्वारी येणार असेल तर तो पैसा कोणी लावत नाही. मेंढरं हाकून डोंगरात नेता येतात, अक्रोडाची बाग नेता येत नाही. त्यामुळे लोक सगळे गेले, की राहिले पण धनगरकीवर आले, हे परागकणांवरून एका झटक्यात ठरत नाही. चराई वाढली की इसबगोलाच्या कुळातलं एक रानटी रोप वाढतं आणि शेणावर उगवणाऱ्या बुरशीचे बीजाणू गाळात येतात, ते पाहावे लागतात. शिवाय झाड माणसाबरोबर मरत नाही. मालक गेला तरी बाग काही काळ फुलत राहते, म्हणून आलेखातली घसरण प्रत्यक्ष उजाड होण्याच्या थोडी मागून येते.

आणि मागणीचा भाग असतोच. बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलला इजिप्तमधून धान्य यायचं. ६१८-१९ च्या सुमारास इराण्यांनी इजिप्त घेतला, राजधानीतलं फुकटच्या पावाचं वाटप बंद झालं. ६४० च्या दशकात इजिप्त कायमचाच हातातून गेला. एवढं मोठं गिऱ्हाईक आणि एवढी मोठी वाहतूक बदलली की दूरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने काय लावायचं तेही बदलतं. जॉन हॅल्डन आणि अ‍ॅडम इझ्डेब्स्की यांच्यासारखे इतिहासकार परागतज्ज्ञांबरोबर बसून हे धागे जोडतात, तेव्हा चित्र एका कारणात मावत नाही.

बरं, मग ५३६ खोटं का? अजिबात नाही. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात ५३६ आणि ५४० च्या मोठ्या उद्रेकांची गंधकाची नोंद आहे, ५४७ मध्येही एक आहे. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहून गेला की ते वर्षभर सूर्य चंद्रासारखा निस्तेज होता. आल्प्स आणि सैबेरियाच्या अल्ताई पर्वतातली वृक्षवलयं उन्हाळे गारठल्याचं दाखवतात. उल्फ ब्युंटगेन आणि सहकाऱ्यांनी ५३६ ते सुमारे ६६० या काळाला उत्तर-प्राचीन छोटं हिमयुग म्हटलं. थंडी पडली यात मला शंका नाही. प्रश्न एवढाच की ती कोणाला बाधली.

स्वीडन आणि नॉर्वेत ती बाधली. तिथे बार्ली पिकायला उन्हाळ्याची ऊब जेमतेम पुरते. दोन-तीन उन्हाळे गारठले की पीक हातचं जातं. तिथे सहाव्या शतकात शेतघरं ओस पडलेली दिसतात आणि अनेक आलेखांत रान वाढलेलं दिसतं. अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या, कोरड्या पठारावर किंवा इस्राएलमधल्या नेगेवच्या वाळवंटात पिकाची ओढाताण पाण्यासाठी असते, उन्हासाठी नाही. तिथे थोडा गारवा आणि थोडा जास्त पाऊस उलट पथ्यावर पडू शकतो. ‘जागतिक थंडी’ म्हणून सगळीकडे सारखा परिणाम मोजणारे इथे चुकतात.

प्लेगचंही तसंच नाजूक आहे. ५४१ मध्ये इजिप्तच्या पेलुसियमहून तो पसरला हे लेखी साधनांत आहे. येर्सिनिया पेस्टिस हाच जंतू होता हे आता जनुकीय पुराव्याने पक्कं झालं आहे: बव्हेरियातल्या आशहाइम आणि आल्टेनएर्डिंग, इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरचं एडिक्स हिल, अशा स्मशानांतल्या दातांतून त्याचा डीएनए मिळाला. यातली काही गावं अशी की तिथे प्लेग आल्याचा एकही लेखी उल्लेख नाही. म्हणजे तो कागदांपेक्षा जास्त पसरला होता. पण ‘निम्मी लोकसंख्या मेली’ असा दावा असेल तर शेतं ओस पडायला हवीत, आणि ते पूर्व भूमध्य प्रदेशातल्या परागकणांत सरसकट दिसत नाही. २०१९ मध्ये ली मॉर्डेकाय, मर्ल आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परागकण, नाणी, शिलालेख, पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरची कागदपत्रं) असं सगळं एकत्र मांडून प्लेगचा परिणाम फुगवला गेला आहे असं म्हटलं. त्यावर बरीच खडाजंगी झाली. मला त्यांचं अर्धं पटतं. परागकणांत मृत्यू दिसत नाहीत, जमिनीचा वापर दिसतो. मेलेल्यांची जमीन उरलेल्यांनी कसली, तर आलेख हलणारच नाही. त्यामुळे ‘आलेखात काही नाही, म्हणून फार कोणी मेलं नाही’ हेही तितकंच घाईचं. उत्तर शोधायचं तर मजुरावर चालणारी पिकं बघायला हवीत, कारण हात कमी पडले की आधी तीच सुटतात.

इथे नेगेवचा पुरावा कामाला येतो, आणि तो मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. दक्षिण इस्राएलमधल्या नेगेवच्या पठारावर वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसालाही तो पाऊस थट्टा वाटेल. तरी चौथ्या ते सहाव्या शतकात तिथे एलुसा, शिव्ता, नेसाना अशी भरलेली गावं होती. ओहोळांना आडव्या दगडी ताली घालून, टेकड्यांवरून वाहून येणारं पाणी शेतात वळवायचं, अशी त्यांची पद्धत. खतासाठी कबुतरखाने बांधलेले. आणि पीक? द्राक्षं. तिथला माल गाझा बंदरातून बाहेर जायचा; गाझाच्या दारूचं नाव सहाव्या शतकात गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, टूरचा बिशप आणि इतिहासकार ग्रेगरी याच्या लेखनातही येतं. तिच्यासाठी वापरायचे लांबट मातीचे घडे भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकापर्यंत सापडतात.

गाय बार-ओझ यांच्या गटाने राजवाडे न खणता उकिरडे खणले. गावाबाहेरचा उकिरडा म्हणजे थरांनुसार लावलेला घरखर्चाचा हिशेब; कोणी खोटा लिहीत नाही. त्यातल्या जळक्या बिया निवडून डॅनियल फुक्स आणि सहकाऱ्यांनी धान्याच्या दाण्यांच्या तुलनेत द्राक्षाच्या बियांचं प्रमाण काढलं. चौथ्या शतकापासून ते वाढत जातं, सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिखर गाठतं आणि शतकाच्या मध्यानंतर घसरतं. गाझाच्या घड्यांची खापरंही त्याच चालीने चढतात आणि उतरतात. इथे बिया आणि खापरं हे दोन वेगळे साक्षीदार एकच सांगतात, म्हणून मला हा निष्कर्ष भक्कम वाटतो.

एलुसात आणखी एक गोष्ट दिसते. गावाबाहेर शिस्तीने कचरा टाकणं सहाव्या शतकाच्या मध्याला थांबतं. इस्लामी सत्ता यायला अजून जवळपास शंभर वर्षं आहेत, त्यामुळे ‘अरबांनी नेगेव उजाड केला’ ही जुनी गोष्ट एलुसापुरती तरी टिकत नाही. कचरा उचलणं थांबलं म्हणजे लोक गेले असं नव्हे. नगराचा कारभार, मजूर, खर्च यांतलं काहीतरी ढासळलं एवढंच. शिव्ता आणि नेसानात तर पुढेही वस्ती राहिली; नेसानाचे पपायरस सातव्या शतकातले व्यवहार दाखवतात. मग द्राक्षं का उतरली? प्लेगने मजूर नेले असतील, दूरचं गिऱ्हाईक तुटलं असेल, दोन्ही असेल. वाळवंटात एकाच नगदी पिकावर उभी राहिलेली गावं बाजार बसला की कशी होतात, हे कापूस किंवा द्राक्षबागा लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. लोकांनी पोटापुरतं धान्य लावलं आणि ते जगले, हे दाण्यांच्या प्रमाणातून दिसतं.

आता रोमन जगाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनला. इथे परागकण जरा निराशा करतात, म्हणजे नाट्य शोधणाऱ्यांची. ४१० च्या सुमारास रोमन सत्ता गेल्यावर उत्तर इंग्लंडमधल्या रोमन सरहद्दीवरच्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या काही ठिकाणी रान परत वाढलेलं दिसतं, पण दक्षिणेत बहुतेक जमीन उघडीच राहते. शेत शेतच राहिलं. फार तर नांगराऐवजी गुरं आली.

खरी गोष्ट किडे सांगतात. साठवलेल्या धान्याला लागणारा एक सोंडकिडा आहे, सिटोफिलस ग्रॅनॅरियस. आपल्या तांदळात होणाऱ्या सोंडकिड्याचा हा चुलतभाऊ, पण एक मोठा फरक: याला उडता येत नाही. एका कोठारातून दुसऱ्या कोठारात जायचं तर माणसाने धान्य वाहून न्यायला हवं. रोमनांच्या आधी ब्रिटनमध्ये तो सापडत नाही. रोमन सैन्याबरोबर येतो आणि धुमाकूळ घालतो. यॉर्कमध्ये कोनी स्ट्रीटला सापडलेल्या रोमन कोठारात किडा इतका झाला होता की कोठार पाडून ती जागा मातीच्या जाड थराखाली गाडून टाकली होती. रोमन काळ संपल्यावर तो किडा नाहीसा होतो आणि नॉर्मन विजयानंतर, म्हणजे अकराव्या शतकानंतर, परत दिसतो. लोक त्या मधल्या काळात भाकरी खातच होते. फक्त प्रचंड कोठारं आणि लांबून येणारं धान्य राहिलं नाही. जो तो आपलं पिकवून आपल्याच कणगीत ठेवत होता. राज्य गेल्याचा असा नेमका पुरावा मला परागकणांतून आजवर मिळालेला नाही, हे कबूल करताना थोडी असूया वाटते.

काळ्या उंदराचंही असंच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासानुसार तो युरोपात दोनदा येऊन वसला: एकदा रोमन विस्ताराबरोबर, मग रोमन व्यवस्था मोडल्यावर त्याची संख्या घटली, आणि मध्ययुगात नव्या वंशाचे उंदीर पुन्हा आले. त्यालाही शहरं, गोदामं आणि जहाजं लागतात. प्लेगशी याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण उंदीर घटला तो प्लेगमुळे, थंडीमुळे की कोठारं गेल्यामुळे, हे जनुकं सांगत नाहीत. गुरांची हाडंही बघण्यासारखी: ब्रिटनमध्ये, ऱ्हाइन आणि डॅन्यूबच्या काठच्या प्रांतांत रोमन काळात गुरं आकाराने मोठी झाली, नंतर पुन्हा लहान. खुराक, पैदास आणि बाजार यांतलं काय आधी सुटलं याबद्दल हाडं पाहणाऱ्यांमध्ये एकमत नाही.

शिशाबद्दल थोडंसं, कारण ते आलेख फार फिरतात. ग्रीनलँडच्या बर्फातलं शिशाचं प्रदूषण रोमन साम्राज्याच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात चढलेलं असतं आणि इ.स. १६५ च्या अँटोनाइन साथीच्या (रोमन साम्राज्यातल्या एका मोठ्या रोगसाथीच्या) सुमारास खाली येतं. चांदी गाळताना शिसं हवेत जातं, म्हणून हा आलेख चांदीचा आहे, माणसांचा किंवा भाकरीचा नव्हे. स्वित्झर्लंड-इटली सीमेवरच्या कोल्ले न्यिफेत्ती हिमनदीच्या बर्फात सातव्या शतकाच्या मध्यानंतर शिसं पुन्हा वाढलेलं दिसतं. पश्चिम युरोप तेव्हा सोन्याच्या नाण्यांवरून चांदीच्या नाण्यांकडे वळत होता. जिथे परागकणवाले ‘ऱ्हास’ म्हणतात त्याच शतकात दुसऱ्या टोकाला नवी टांकसाळ सुरू होते.

आपल्याकडचा दाखला मुद्दाम देते, कारण हवामानावरून थेट माणसांवर उडी मारण्याची सवय आपल्यालाही आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडतात. पाणी आटून खारेपणा फार वाढला की ते बनतात. त्यावरून आजपासून सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा काळ लोणार परिसरात बराच कोरडा होता असं दिसतं. आता याच कोरड्या काळात विदर्भात कोण होतं? वाकाटक. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन आणि वत्सगुल्म म्हणजे वाशिम इथून राज्य करणारे, ताम्रपटांनी गावंच्या गावं दान देणारे. अजिंठ्याची बरीचशी लेणी पाचव्या शतकात, हरिषेणाच्या काळात, कोरली गेली. लोणारच्या तारखा इतक्या बारीक नाहीत की एखाद्या राजाच्या कारकिर्दीतला दुष्काळ दाखवतील. पण पाऊस कमी म्हणजे संस्कृती बुडाली, हा हिशेब तिथे बसत नाही एवढं त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसतं.

तुम्हाला हे स्वतः तपासायचं असेल तर युरोपियन पोलन डेटाबेसमधले कच्चे आकडे निओटोमा या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एखादं तळं निवडा आणि झाडांच्या रंगीत आलेखाकडे जाण्याआधी तारखांचा तक्ता उघडा. गाळाच्या किती खोलीवर तारीख काढली आहे, कशावर काढली आहे (लाकडाचा तुकडा किंवा बी असेल तर उत्तम, चुनखडीच्या तळ्यातला नुसता चिखल असेल तर सावध) आणि इ.स. २५० ते ७५० या पट्ट्यात त्यातल्या किती बसतात ते पाहा. मग दोन नमुन्यांमध्ये किती वर्षांचं अंतर आहे ते काढा. अंतर १५० वर्षांचं असेल तर त्या आलेखाला ५३६ आणि ६७० यांतला फरक कळूच शकत नाही. त्या पट्ट्यात एकही तारीख नसेल, तर तो आलेख कितीही सुंदर असला तरी या प्रश्नासाठी बाजूला ठेवा आणि दुसरं तळं घ्या.